चौदा फरश्या

आमच्या गावच्या वाड्याच्या चौकात 14 फरश्या फुटलेल्या होत्या. कुठल्या कुठल्या, ते मी डोळे मिटून सांगू शकते. तुळशीवृंदावनापाशी 3, मोरीच्या तोंडाशी 2, बाकीच्या दक्षिणेच्या सोप्यासमोर ओळीनं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी त्या सोप्यावरचं माळवद, म्हणजे मातीचं छत, खाली आलं, तेव्हाच्या त्या. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. मी तेव्हा आठ वर्षांची. गणपती बोळवून घरी यायला उशीर झाला म्हणून आजीनं सगळ्या पोरांची अंथरुणं चौकातच टाकली होती, तुळशीच्या अलीकडं. त्या रात्रीचं एवढंच पुरे.

भूकंपानंतर आमच्या भागात दगडाच्या घराची धास्तीच बसली. दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि डोक्यावर फूटभर मातीचं माळवद. हादऱ्यानं भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं ओझं सरळ झोपलेल्या माणसांवर आलं. खरं तर दोष दगडाचा नव्हता. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड भिंतीत नव्हते, हा दोष. पण त्या दिवसांत हे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोण होतं? वडिलांनी पडका सोपा उतरवून वर पत्रे घातले, दगड परसात ढीग करून ठेवले आणि फुटक्या फरश्यांवर सिमेंट थापून घेतलं. ते सिमेंट दर दोन पावसाळ्यांनी उखडायचं, पुन्हा थापलं जायचं. असं तीस वर्षं.

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी ठरवलं, या 14 फरश्या बदलायच्या. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "सगळंच उपटून टाइल्स टाक, पुसायला सोप्या." पुसणार कोण, ते त्यानं विचारलं नाही.

आमची फरशी शहाबादी. शहाबाद आता कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण निजामाच्या काळात ते गाव आणि आमचं लातूर एकाच हैदराबाद संस्थानात होतं. घरात सांगतात ते असं : पणजोबांनी फरशी रेल्वेनं मागवली. शहाबादहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीला, तिथं उतरवून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर लातूरला, आणि लातूरहून बैलगाड्यांनी गावात. बार्शी लाइट लातूरपर्यंत 1911 साली आली, त्यामुळे फरशी त्यानंतरची, एवढं नक्की. इतक्या वेळा चढवून उतरवून किती फुटल्या असतील, याचा हिशेब मात्र घरात कुणी सांगत नाही.

सुरुवात चुकीचीच झाली. तालुक्याच्या एका ठेकेदाराला काम सांगितलं. त्यानं 5,000 रुपये उचल घेतली आणि कटर मशीन देऊन एक पोरगा पाठवला. मशीन सुरू झालं आणि दहा मिनिटांत चौक, तुळस, वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट, सगळं पिठाच्या गिरणीसारखं पांढरं झालं. पोराच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. मी ओढणी दिली तर लाजला. त्यानं दोन फरश्या अगदी सुरेख कापल्या, कडा पाटीसारख्या सरळ. पण त्या बसेनात. जुन्या फरश्या दिसायला चौकोनी, पण काटकोनात एकही नाही. एकीचा कोपरा दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत, दुसरीची बाजू मधेच थोडी फुगलेली. शेजारणीच्या हिशेबानं प्रत्येकीचा आकार. पोरगा दोन-तीनदा मशीन लावून कंटाळला, "मॅडम, फटीत व्हाईट सिमेंट भरू" म्हणाला आणि जेवायला गेला तो परत आलाच नाही. ठेकेदाराचा फोन अजून लागलेला नाही.

मग आमच्या गड्यानं शेजारच्या गावच्या मामांचं नाव सुचवलं. मामा म्हणजे माझे कुणी नाहीत, सगळा पंचक्रोश त्यांना मामाच म्हणतो. वडार समाजातले, सत्तरी ओलांडलेले. आयुष्य विहिरी फोडण्यात, जोती घडवण्यात गेलं. मुलगा आता जेसीबी चालवतो. मामा आले ते एकटे नाही, मामींना घेऊन आले. दोघं आपसांत तेलुगूच्या अंगानं जाणारी त्यांची बोली बोलायची, माझ्याशी आमची मराठी. मी शिक्षिका म्हणून मला "बाई".

मामांनी नव्या फरश्यांकडं बघितलंही नाही. पहारीचं टोक एका फुटक्या जुन्या फरशीखाली घालून ती उचलली, उभी केली आणि मला म्हणाले, "हात लावून बगा, बाई. कडंला."

मी बोट फिरवलं. वरून जी कड सरळ दिसत होती ती खाली आत वळत गेली होती. दीड इंच जाडीत अर्धा इंच तरी आत. म्हणजे दोन फरश्या शेजारी बसवल्या की वरच्या अंगाला त्या एकमेकींना चिकटतात आणि खाली त्यांच्यामधे पाचरीच्या आकाराची पोकळी राहते. बसवताना दाबलेला चुना त्या पोकळीत चढून बसतो. म्हणून वरून सांधा रेघेएवढा आणि आतून भक्कम. मशीनची कड वरपासून खालपर्यंत उभी. तिला शेजारीण जराशी तिरकी लागली की संपूर्ण जाडी आड येते. ठेकेदाराच्या पोराची त्यात काही चूक नव्हती. तो चौकोन कापत होता, आणि आमच्या चौकात चौकोन नव्हतेच. लहानपणापासून ज्यावर बसले, जेवले, लंगडी खेळले, त्या फरशीची खालची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"मशीनची नको," मी म्हटलं. "तुम्ही हातानं करा. आणि मलाही शिकवा."

मामा मामींकडं बघून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. काय बोलले ते मी विचारलं नाही.

पहिला दिवस हत्यारांतच गेला. मामांच्या गोणपाटाच्या पिशवीतून निघालं ते इतकं थोडं होतं की मला वाटलं उरलेलं उद्या आणतील. दोन सुतक्या, म्हणजे दगडकामाच्या हातोड्या, एक सव्वा किलोची आणि एक त्याच्या दुप्पट. बांबूच्या दांड्याचा एक घण. तो दांडा उचलला की लवतो, आणि लवतो म्हणूनच दगडाचा झटका मनगटात येत नाही. काटकोन तपासायचा एक लोखंडी गुण्या, सुताची गुंडी, गेरूची पुडी, आणि फडक्यात बांधलेल्या नऊ-दहा छन्न्या-टाक्या. काहींचं तोंड सपाट, बोटभर रुंद, काहींचं टोकदार. टोकं सगळ्यांची मेलेली. मामांनी एकीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मुलीचं लगीन झाल्यापास्नं उघडल्या न्हाईत. शेवटून आणाव्या लागतेल." शेवटणं म्हणजे लोहाराकडून टोक पुन्हा घडवून घेणं.

आमच्या गावात एक भाता अजून चालू आहे. त्यावर मुख्य काम कुळवाच्या फासा आणि कोयत्यांचं. लोहारानं छन्नीचं तोंड तापवून ऐरणीवर पातळ केलं, कडेला फुटलेला भाग तोडून टाकला. इथपर्यंत मला कळत होतं. पुढचं पाणी पाजणं मात्र मी शाळेत विज्ञान शिकवूनही कधी बघितलं नव्हतं. टोक पिकल्या बोरासारखं लाल झालं की बाहेर काढायचं आणि फक्त बोटाच्या पेरभर पाण्यात धरायचं. वरचा भाग गरमच राहू द्यायचा. मग पटकन बाहेर काढून टोक विटेच्या तुकड्यावर घासून उजळ करायचं आणि बघत राहायचं. वरची धग हळूहळू टोकाकडं उतरते आणि त्या उजळ पोलादावर रंग चालत येतात. आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, मग तपकिरी, मग वांग्याचा जांभळा, त्यामागं निळा. पिवळा टोकाला पोचून जांभळा दिसू लागला की मामा म्हणाले "हां", आणि लोहारानं सगळी छन्नी पाण्यात सोडली.

आधी बुडवली तर टोक काचेसारखं कडक होऊन दगडावर तुटतं. निळा पार होऊ दिला तर मऊ पडतं, चार ठोक्यांत वाकतं. दोहोंमधला वेळ फार तर वीस सेकंदांचा. मी विचारलं, "किती तापमान असेल?" लोहार म्हणाला, "वांग्याएवढं."

छन्नीचं डोकंही त्यानं घासून दिलं. ठोकून ठोकून ते भुईछत्रीसारखं फुलतं आणि त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मामांच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका आहे. तो दगडानं झालेला नाही, लोखंडानं झालाय. मी दुसऱ्या दिवशी औशाहून 80 रुपयांचे तीन चष्मे आणले. मामींनी घातला, मामांनी कपाळावर ठेवला.

काम सकाळी साडेपाचला सुरू व्हायचं. मेमधे दहानंतर आमच्याकडं दगडाला हात लावता येत नाही. पारा 42 वर आणि फरशी त्याहून तापलेली. परसातल्या लिंबाखाली वाळूचा बिछाना केला, चांगली वीतभर वाळू, चाळून घेतलेली. दगडाच्या पोटाखाली कुठं पोकळी राहिली तर ठोका तिथंच फोडतो, ही पहिली शिकवण.

दुसरी शिकवण कापण्याच्याही आधीची. लातूरच्या अड्ड्यावरून आणलेल्या नव्या फरश्या मामांनी एकेक करून भिंतीला उभ्या केल्या आणि सुतकीच्या दांड्यानं वाजवल्या. खणखणीत वाजली ती उजवीकडं, बद्द वाजली ती डावीकडं. शंका आली तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फरशी सुकत आली की चीर असेल तिथं केसाएवढी ओली रेघ मागं राहते, कारण चिरेतलं पाणी उशिरा वाळतं. 18 पैकी 3 अशा निघाल्या. दुकानदारानं परत घेतल्या नाहीत, त्या आता गोठ्यात आहेत.

आता कापणं. फुटकी फरशी काढून झालेल्या खड्ड्यावर वर्तमानपत्र अंथरून त्याचा आकार मी कात्रीनं कापून घेतला. शाळेत चार्ट बनवणारीला हे येणारच. मामांना ते फार आवडलं. ते स्वतः काडीनं मोजायचे. कागद नव्या फरशीवर ठेवून गेरूनं आखलं. मग छन्नी. मला वाटलं होतं जोर लागेल. जोर अजिबात नाही. छन्नी जवळपास उभी धरायची, सुतकीचा हलका ठोका, आणि दर ठोक्याला छन्नी तिच्या अर्ध्या रुंदीनं पुढं सरकवायची, म्हणजे एक खूण दुसरीवर चढते आणि मधे जागा सुटत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. तीन फेऱ्यांत जेमतेम सूतभर खोल खाच पडते. मग फरशी उलटायची, मागच्या बाजूला बरोबर त्याच रेषेवर तेच.

माझ्या पहिल्या फरशीला दुसऱ्या फेरीतच मी कंटाळले. कोपऱ्यापाशी आल्यावर वाटलं आता एक चांगला ठोका दिला की झालं. दिला. फरशी तुटली, पण रेषेवर नाही. रेषेवरून निघालेली चीर वळून सरळ कोपऱ्याबाहेर गेली. दोन बाय दोन फुटांची, 37-38 किलोची फरशी, पाऊण तासाचं काम.

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी फोडलाव. आपल्याला फोडायचं न्हाई. त्याला कुठं फुटायचंय ते सांगायचं. सांगून झालं की त्यो आपल्या मनानं फुटतोय."

नंतर मी ऐकायला शिकले. पहिल्या फेरीत फरशी वाजते खण् खण्. मागची बाजू अर्धी झाली की आवाजातला तो लांबणारा सूर तुटतो. शेवटी नुसतं टक्. मडकं तडकलेलं असलं की कसं वाजतं तसं. म्हणजे आत चीर पोचली. डोळ्यांना अजून काही दिसत नाही. मग रेषेखाली पहार आडवी ठेवायची, नको असलेला भाग अधांतरी, आणि मागून तीन-चार ठोके रेषेवर ओळीनं. माझी तिसरी फरशी अशी सुटली तेव्हा मोठा आवाजही झाला नाही. दोन तुकडे शांतपणे वेगळे झाले. तुटलेल्या कडेला थर दिसत होते, वहीची पानं मिटून ठेवल्यासारखे. शहाबादी म्हणजे समुद्राच्या तळाशी गाळ बसून झालेला चुनखडक. खाणीत तो थरांवरच सुटतो, म्हणून जाडी आयती मिळते आणि आपल्याला फक्त लांबी-रुंदी कापावी लागते.

कापायची पट्टी अरुंद असली, दोन-तीन बोटांची, तर मात्र ही युक्ती चालत नाही. चीर जिथं कमी जाडीचं सापडेल तिकडं पळते, आणि अरुंद बाजूला तिला पळायला सोपं. तिथं कडेपासून कपच्या पाडत पाडत रेषेपर्यंत यायचं. हे काम मामींचं. त्या फरशी मांडीपाशी तिरकी उभी करायच्या, छन्नी वरच्या रेषेवर टेकवून तिचं डोकं स्वतःकडं झुकवायच्या, आणि टिक् केलं की कपची खालून उडायची, वरची कड अभंग. ती आत वळणारी कड अशी होते. मामांच्या पिशवीत मामींची छन्नी वेगळी, आखूड आणि चपटी. मी ती एकदा उचलली तर मामींनी काही न बोलता परत घेतली. खरं सांगायचं तर या सगळ्या कामात मला सगळ्यात कमी जमलं ते हेच. मामींचं एका फरशीला अर्धा तास, माझं दोन, आणि तरी माझी कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

चौक फरशीचा असला तरी सोप्याची पायरी काळ्या दगडाची आहे, आणि तीही तेव्हाच तुटलेली. मामांनी परसातल्या ढिगात फिरून एक चार फुटी दगड काढला, दोन फूट रुंद. जुन्या भिंतीतला. त्याचे उभे दोन भाग करायचे होते. इथं मला कळलं की दगडाचं काम हे एक काम नाही, दोन आहेत. काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात पानं नाहीत, सगळा एकजीव. वरवर खाच पाडून तो ऐकत नाही.

मामांनी गेरूच्या रेषेवर चार-चार बोटांवर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर भोक पाडलं. लांब छन्नी उभी धरायची, ठोका, मग छन्नी जरा फिरवायची, ठोका, पुन्हा फिरवायची. फिरवली नाही तर ती दगडातच अडकून बसते. आतला चुरा तारेच्या चपट्या टोकानं काढायचा. तीन इंच खोल एका भोकाला माझी पन्नास मिनिटं गेली, आणि अशी अकरा. मी दोन केली. उरलेली मामांनी दोन दिवसांत. मग प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या समोरासमोर आणि त्यांच्या मधे पाचर. पाचर खाली गेली की पट्ट्या दगडाला दोन्ही बाजूंना रेटतात. घण नाही, मोठी सुतकी. पहिल्या पाचरेवर दोन ठोके, दुसरीवर दोन, अशा सगळ्या, परत पहिलीपासून. पाचर घट्ट होत जाईल तसा ठोक्याचा आवाज चढत जातो. तिसऱ्या फेरीनंतर मामा थांबले, बाजूला बसले आणि तंबाखू मळायला घेतली.

"झालं?" मी विचारलं.

"न्हाई. त्याचं चाललंय."

पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग दगडातून टिचकी वाजल्यासारखा बारीक आवाज आला. मामांनी चिमूट तोंडात टाकली, उठले, आणखी एक फेरी मारली, आणि रेषेवर एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत काळी रेघ धावत गेली. ती मी बघितली. पूर्वी लोखंडाऐवजी वाळक्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी घालत, लाकूड फुगून दगड तडकायचा, असं मामांनी सांगितलं.

नव्या पायरीच्या वरच्या अंगाला मामांनी टोकदार टाकीनं बारीक खड्डे पाडले, पावसात पाय घसरू नये म्हणून. मोरीजवळच्या दोन फरश्यांनाही तसेच. ते बघून मला लहानपणची "टाकीऽऽ लावा, पाट्याला टाकीऽऽ" ही हाक आठवली. गुळगुळीत झालेला पाटा आणि जातं टाकवून द्यायला बाया दारोदार यायच्या. मिक्सर आला आणि ती हाक गेली. दुसरी आठवण वेरूळची. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं, याच काळ्या पाषाणात वरून खाली खोदत आणलेलं. दर दोन वर्षांनी मी मुलांची सहल घेऊन जाते आणि दर वेळी हत्ती दाखवते. बाजूच्या उभ्या कड्यावर तिरप्या छन्नीच्या हजारो रेघा आहेत, त्या कधीच दाखवल्या नव्हत्या. यंदा मुलांना तिथं उभं केलं आणि भोक पाडायला लागलेली पन्नास मिनिटं सांगितली. एका पोरीनं विचारलं, "बाई, मग त्यांना सुट्टी कधी असायची?"

बसवण्याचं काम तुलनेनं लवकर उरकलं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फरशी उगाच वरखाली होते. म्हणून फुटक्या फरश्यांखालची माती वीतभर काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसला. त्यावर चुन्याचा माल. सिमेंट का नको, असं मी विचारलं तर मामा म्हणाले, फरशी पुढं कधी काढायची झाली तर सिमेंट तिचा तुकडा घेऊनच सुटतं. चुना सोडून देतो. जुन्या फरश्या आणखी न फुटता निघाल्या त्या त्यामुळेच. ढाळ मोरीकडं आठ फुटांना एक इंच. लेवल नळी लावली, पण मामांनी विश्वास ठेवला तो तांब्याभर पाण्यावर. पाणी ओतायचं आणि ते कुठं रेंगाळतं ते बघायचं. फरशी बसवल्यावर लाकडी ठोकळ्यानं चारही कोपरे ठोकायचे. भरीव वाजलं पाहिजे. एखादा कोपरा पोकळ वाजला तर फरशी उचलायची, माल भरायचा, पुन्हा बसवायची. मामा हे न चुकता करायचे, काही फरश्या तीन-तीनदा उचलल्या.

तेराव्या फरशीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं किंवा त्यांच्या देखत. चौदावी, तुळशीजवळची, मी एकटीनं कापली आणि एकटीनं बसवली. त्या दिवशी मामी तापानं आजारी होत्या आणि मामा आले नव्हते. साडेदहा वाजत आले होते, हात भाजत होता. एक कोपरा ठोकल्यावर जरा वेगळा वाजला. मी पुन्हा ठोकला. मग ठरवलं की बरा वाजतोय.

खर्च विचारतात म्हणून सांगते : दोघांची मिळून रोजी 1,500 रुपये, 12 दिवस. लोहार, चुना, फरश्या वेगळ्या. टाइल्स स्वस्त पडल्या असत्या, यात वाद नाही. नवं घर बांधत असते तर मीही मशीनची फरशीच आणली असती, सगळे चौकोन सारखे असले की मशीन उत्तम. हाताचं काम लागतं ते जुन्यात नवं मिसळायचं असतं तेव्हा. आणि एक फुकटचा सल्ला : शहाबादी कधी ॲसिडनं धुऊ नका. चुनखडक तो, लिंबाचा थेंब टाकून बघा, बारीक फेस येतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर फिकट डागांचा एक गोल आहे. तिथं आजी चिंचा फोडायला बसायची.

दिवाळीला दादा आला. नव्या फरश्या अजून निळसर आहेत, जुन्या पायांनी घासून करड्या झालेल्या, तेव्हा कुठल्या नव्या ते कुणालाही कळतं. चप्पल काढून तो चौकभर फिरला, वाकून सांधे बघितले, नखानं उकरूनही बघितले. चांगलं झालंय म्हणाला. मग तुळशीला पाणी घालायला गेला, आणि तांब्या हातात तसाच धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ही एक हलायलीय बघ."